बीट खाऊनही हिमोग्लोबिन का वाढत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमचे वय ३६, वजन ५५ किलो आणि हिमोग्लोबिन ९.४, थोरली मुलगी १३ वर्षांची, तिचे ९.९, धाकटा मुलगा सव्वादोन वर्षांचा, दिसायला गुटगुटीत, पण त्याचे ८.८. गेले चार महिने घरात बीटचा रस, डाळिंब, खजूर, गूळ-शेंगदाणे आणि सासूबाईंनी केलेले अळिवाचे लाडू चालू आहेत, तरी आकडे जागचे हललेले नाहीत. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तुम्ही पंधरा दिवस घेतल्या आणि मळमळ होऊ लागली, शौचाला काळे होऊ लागले म्हणून थांबवल्या. आता तुम्हाला तिघांसाठी नेमका आहार हवा आहे, आणि जिना चढताना धाप लागत असताना व्यायाम सुरू करावा की नाही, हेही विचारायचे आहे. या सगळ्यात दोन गोष्टी तुम्ही जाता जाता लिहिल्या आहेत: दीड वर्षापूर्वी तांबी बसवल्यापासून पाळी आठ दिवस जाते, आणि मुलगा दिवसाला चार बाटल्या दूध पितो पण जेवत नाही. माझ्या मते उत्तराचा मोठा भाग या दोन वाक्यांतच दडलेला आहे.

आधी हिशेब मांडते, कारण तो मांडल्याशिवाय बीटबद्दल मी जे सांगणार आहे ते पटणार नाही. तुमचे वजन आणि हिमोग्लोबिन पाहता, ते १३ पर्यंत नेऊन शरीराची रिकामी झालेली कोठारेही भरायची, तर सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागेल. दुसऱ्या बाजूला, आपल्या धान्य-डाळींच्या जेवणातले लोह पुरते अंगी लागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली आहे, ती त्यातले साधारण ८ टक्केच शोषले जाते असे धरून. म्हणजे प्रत्यक्षात रक्तात उतरते ते जेमतेम सव्वादोन मिलिग्रॅम. त्यातले सुमारे १ मिलिग्रॅम त्वचा, आतडी यांच्या झिजेतून रोजच जाते आणि पाळीचा खर्च महिनाभरावर वाटला तर आणखी अर्धा ते एक मिलिग्रॅम. लोह कमी पडले की आतडी नेहमीपेक्षा जास्त लोह ओढून घेतात, ही जमेची बाजू आहे; तरीही शिल्लक दिवसाला १ मिलिग्रॅमच्या आसपास राहते असे धरा, आणि हजार मिलिग्रॅमची तूट त्या गतीने भरायला किती दिवस लागतील ते तुम्हीच पाहा. उत्तर पावणेतीन वर्षे येते, आणि तेही पाळीचा रक्तस्राव बेताचा असेल तर.

बीटचे म्हणाल तर शंभर ग्रॅम बीटमध्ये १ मिलिग्रॅमही लोह नसते आणि डाळिंबात त्याच्या निम्मेही नसते. लाल रंगाचा आणि रक्ताचा संबंध डोळ्यांना पटतो, म्हणून ही समजूत इतकी घट्ट बसली आहे. बीट वाईट नाही, कोशिंबिरीत जरूर घाला, पण त्याच्या रसासाठी रोज सकाळी वीस मिनिटे खर्च करू नका. खजूर आणि गूळ यांत थोडे लोह आहे, परंतु ते मिळवण्यासाठी जेवढी साखर पोटात जाते तिचाही विचार करावा लागतो. अळीव मात्र खरोखर लोहाने समृद्ध आहेत. जुन्या तक्त्यांत शंभर ग्रॅमला १०० मिलिग्रॅम असा आकडा छापलेला असे; २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या तक्त्यांत तो १७ च्या आसपास आला आहे. म्हणजे सासूबाईंचे लाडू चालू ठेवावेत, फक्त एका लाडवात चमचाभरच अळीव असतात हे लक्षात ठेवावे. पालकातही लोक समजतात तेवढे लोह नाही, आणि त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे आहे तेही नीट मिळत नाही.

यावरून आहाराला किंमत नाही असा अर्थ कृपया काढू नका. मी रुग्णांना नेहमी दुकानाच्या भाषेत सांगते: आहार हा रोजचा घरखर्च भागवतो, थकलेले कर्ज फेडायला मात्र औषधच लागते, आणि गल्ल्याला भोक असेल तर दोन्ही व्यर्थ जातात. म्हणून क्रम असा हवा की आधी भोक शोधायचे, मग कर्ज फेडायचे आणि त्याच काळात घरखर्चाची घडी बसवायची.

तुमच्या बाबतीत भोक बहुधा पाळीत आहे. तांबी बसवल्यानंतर पहिले तीन ते सहा महिने रक्तस्राव वाढणे अपेक्षित असते आणि बहुतेकींचा तो पुढे कमी होतो. दीड वर्षानंतरही आठ दिवस जात असतील तर तपासणी करायलाच हवी. पाळी जास्त आहे हे ओळखायचे कसे, असे अनेकजणी विचारतात, कारण प्रत्येकीला स्वतःची पाळी नेहमीचीच वाटते. दर एक-दोन तासांनी पॅड बदलावे लागणे, रात्री उठून बदलावे लागणे, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडणे, सात दिवसांहून जास्त जाणे, डाग पडतील या भीतीने गडद कपडे घालणे किंवा बाहेर जाणे टाळणे, यांपैकी काहीही असेल तर ती जास्त पाळी समजा. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन सोनोग्राफी करून घ्या, कारण तुमच्या वयात गर्भाशयातील गाठी किंवा भिंत सुजणे हेही कारण असू शकते आणि दोष उगाच तांबीवर जातो. थायरॉईडची तपासणीही करून घ्या. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, तांबीऐवजी संप्रेरक सोडणारे साधन बसवण्याचा पर्याय आहे. पण कोणता योग्य हे तपासल्यावरच ठरेल, आणि तोवर दुसऱ्या गर्भनिरोधनाची सोय न करता तांबी काढून घेऊ नका. या गोंधळात तिसरे गरोदरपण राहिले तर ९.४ वरून सुरुवात करणे तुम्हाला फार जड जाईल.

एक प्रश्न संकोच न करता स्वतःला विचारा: शौचाच्या वेळी रक्त पडते का? गोळ्या घेत असताना शौचाचा रंग काळा होतो तो न शोषलेल्या लोहाचा, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. गोळ्या सुरू नसताना शौचाला डांबरासारखे काळे होणे किंवा लाल रक्त पडणे ही वेगळी बाब आहे. मूळव्याधीचे रक्त वर्षानुवर्षे अंगावर काढणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत. घरी सांगायची लाज वाटते आणि डॉक्टर पुरुष असले तर तिथेही सांगत नाहीत.

आता तुमच्या रक्ताच्या अहवालाकडे वळू. तुम्ही केवळ हिमोग्लोबिनकडे पाहिले आहे, पण त्याच कागदावर एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार, ६८ लिहिलेला आहे आणि पेशींची संख्या ४.३ दशलक्ष आहे. पेशी लहान होणे हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे, पण थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाच्या वाहकांमध्येही त्या लहानच असतात. ६८ ला ४.३ ने भागले तर सुमारे १६ येतात. हा भागाकार १३ च्या वर असला की झुकते माप लोहाच्या कमतरतेकडे जाते, १३ च्या खाली असला तर थॅलेसेमियाची शंका घ्यायची. हा अंदाज आहे, निदान नव्हे. फेरिटिनची तपासणी केली की कोठारात लोह किती उरले आहे ते कळेल; प्रौढ स्त्रीत ते १५ च्या खाली असेल तर शंका उरत नाही. तीन महिने नियमित गोळ्या घेऊनही आकडा वाढला नाही तर एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी तपासणी करून घ्यावी. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली कुटुंबांत थॅलेसेमियाचे वाहक अधिक आढळतात आणि विदर्भात, गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा दुसरा आनुवंशिक रक्तदोष, म्हणून तिकडच्या माणसांनी ही तपासणी आधीच करावी. पेशी मोठ्या झालेल्या असतील, म्हणजे एमसीव्ही १०० च्या वर असेल, तर ब-१२ किंवा फॉलिक आम्लाची कमतरता पाहावी लागते. अंडी-मांस न खाणाऱ्या घरांत ब-१२ ची उणीव पुष्कळ असते, आणि दोन्ही उणिवा एकत्र असल्या की पेशींचा आकार मध्यम दिसून अहवाल फसवतो.

गोळ्यांविषयी मात्र सविस्तर बोलायला हवे, कारण या आजारात औषध चुकीचे असण्यापेक्षा ते अर्ध्यावर सोडले जाण्याचेच प्रमाण जास्त आहे. पाकिटावर मोठ्या अक्षरांत क्षाराचे, म्हणजे लोहाच्या संपूर्ण संयुगाचे, वजन लिहिलेले असते. तुम्ही बारीक अक्षरांतले 'मूळ लोह' किती आहे ते वाचा. ६० मिलिग्रॅम मूळ लोहाची साधी फेरस सल्फेटची गोळी, जी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे मोफत मिळते, ती महागड्या टॉनिकपेक्षा कमी प्रतीची अजिबात नाही. अनेक टॉनिकांमध्ये लोह थोडे आणि सरबत जास्त असते. गोळीतील लोह दहाव्या हिश्शाइतके जरी शोषले गेले तरी दिवसाला ६ मिलिग्रॅम होतात, म्हणजे हजाराची तूट साडेपाच महिन्यांत भरते. पंधरा दिवसांनी सोडलेल्या गोळीने काहीच का झाले नाही, ते यावरून उघड आहे.

मळमळ टाळण्यासाठी गोळी रात्री झोपताना घेऊन पाहा. रिकाम्या पोटी शोषण चांगले होते हे खरे, पण रिकाम्या पोटी घेऊन आठवड्यात सोडण्यापेक्षा दोन घास खाऊन सहा महिने घेतलेली गोळी कितीतरी बरी. तरीही त्रास झाला तर एक दिवसाआड घ्या. एकदा लोहाची मात्रा पोटात गेली की यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक सोडते आणि ते साधारण दिवसभर आतड्याचे दार अर्धवट लावून घेते; म्हणून दुसऱ्या दिवशीच्या गोळीचे शोषण कमी होते, आणि एक दिवसाआड घेतल्याने नुकसान वाटते तेवढे होत नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी किंवा ॲसिडिटीचे औषध यांच्याबरोबर कधीही घेऊ नये. थायरॉईडची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि लोहात किमान चार तासांचे अंतर हवे. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमने वाढलेले दिसायला हवे. आकडा १२ च्या पुढे गेला की बहुतेकजणी आनंदाने गोळ्या थांबवतात आणि वर्षाच्या आत पुन्हा तिथेच येतात, कारण रक्त भरले तरी कोठार रिकामेच असते. त्यानंतर आणखी तीन महिने घ्यायच्याच. मुळीच सहन होत नसेल किंवा रक्तस्राव लवकर आवरला जात नसेल तर शिरेतून देण्याचे लोह मिळते, ते रुग्णालयात देखरेखीखाली घ्यावे. केवळ लवकर बरे व्हायचे म्हणून रक्त चढवून घेण्याचा आग्रह धरू नये.

मुलीकडे येते. १३ वर्षांच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागते असे पोषण संस्था सांगते, म्हणजे तुमच्यापेक्षाही थोडे जास्त, कारण उंची, वजन आणि रक्ताचे आकारमान एकाच वेळी वाढत असते आणि त्यात पाळी सुरू झालेली असते. पहिल्या दोनेक वर्षांत पाळी अनियमित असणे स्वाभाविक आहे. परंतु अगदी पहिल्या पाळीपासून रक्तस्राव फार जास्त असेल, दात घासताना हिरड्यांतून रक्त येत असेल, नाकाचा घोळणा वारंवार फुटत असेल किंवा मुका मार लागून मोठे काळे-निळे डाग पडत असतील, तर रक्त गोठण्यातील जन्मजात दोष तपासून घ्या. मुली हे कुणाला सांगत नाहीत आणि 'वयात आली, होणारच' म्हणून आई दुर्लक्ष करते. तिच्या दप्तरातही एकदा प्रेमाने डोकवा. कच्चे तांदूळ, खडू, पाटीवरची पेन्सिल, भाजकी माती चघळण्याची ओढ हे लोहाच्या कमतरतेचे ठळक लक्षण आहे. माझ्याकडे आणलेल्या एका मुलीची आई तिला माती खाल्ल्याबद्दल मारत असे. लोह सुरू केल्यावर ती ओढ न रागावता काही आठवड्यांत गेली.

शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी तिला घेऊ द्या. २०१८ पासून 'ॲनिमिया मुक्त भारत' या कार्यक्रमात किशोरवयीन मुलामुलींना ती दिली जाते आणि तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. मात्र ती कमतरता होऊ नये म्हणून आहे, ९.९ हिमोग्लोबिन असलेल्या मुलीला डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजचे किंवा एक दिवसाआडचे औषध हवे. जंताची गोळीही चुकवू नका. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितो आणि तो शिरतो बहुधा अनवाणी पायांतून, म्हणून शेतात, परसात जाताना चप्पल हा औषधाचाच भाग समजावा.

मुलाच्या बाबतीत मी थोडी परखडपणे लिहिते, कारण अशी मुले दर आठवड्याला पाहते. गोरे-गुबगुबीत, गाल वर आलेले, बाटली हातात, आणि पापणी खाली ओढून पाहावी तर आतली बाजू कागदासारखी पांढरी. आईला वाटते दूध पितो म्हणजे पोषण होते. एक लिटर गायीच्या दुधात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते आणि या वयात रोजची गरज ८ मिलिग्रॅमची आहे. शिवाय दुधातले कॅल्शियम आणि केसिन हे प्रथिन इतर अन्नातले लोह शोषू देत नाहीत, आणि पोट दुधाने भरल्यामुळे इतर अन्न पोटात जातच नाही. तो जेवत नाही म्हणून तुम्ही दूध देता आणि दूध पितो म्हणून तो जेवत नाही. या चक्राची सुरुवात बहुधा त्याच्या जन्माआधीच झाली असावी. गरोदरपणात तुमचे हिमोग्लोबिन कमी होते असे तुम्ही लिहिले आहेच. बाळ पहिले सहा महिने आईकडून आणलेल्या शिदोरीवर काढते. ती शिदोरीच अपुरी असली आणि सहाव्या महिन्यानंतर वरचे अन्न नीट सुरू झाले नाही, तर दुसऱ्या वर्षात हे चित्र दिसते.

दूध दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटरवर आणा, त्याहून जास्त नको. बाटली पूर्ण बंद करून पेल्याने द्या आणि सर्वांत आधी रात्रीची बाटली बंद करा. तिने दातही किडतात. तीन-चार रात्री तो रडेल, घरातली मोठी माणसे 'लेकराला उपाशी ठेवते' म्हणतील. तुम्ही आणि तुमचे यजमान आधी बोलून एकमत करून ठेवा, म्हणजे पहाटे दोन वाजता वाद होणार नाही. एवढ्या वजनाचे मूल चार दिवस कमी प्यायल्याने काही बिघडत नाही, आणि भूक परत आली की ते आपण होऊन ताटाकडे येते. त्याला पातळ वरणाचे पाणी देऊ नका, घट्ट वरण द्या. वरण-भातावर तूप आणि लिंबू, मुगाच्या खिचडीत शेवग्याचा कोवळा पाला, नाचणीचे घावन, अंडे, आणि घरात चालत असेल तर कोंबडीच्या काळजाचा बारीक खिमा किंवा काटे काढलेला मासा. मांस-माशांतले लोह धान्यातल्या लोहाच्या कितीतरी पट चांगले शोषले जाते आणि जोडीच्या भाकरीतले लोहही ते शोषायला मदत करते. जेवताना मोबाइल लावू नका; पडद्याकडे पाहत गिळणाऱ्या मुलाला भूक आणि पोट भरणे यांतले काहीच कळत नाही.

८.८ हे केवळ आहाराने भरून निघणार नाही. मुलांना उपचारासाठी साधारण दर किलो वजनामागे दिवसाला ३ मिलिग्रॅम मूळ लोह दिले जाते. त्याच्या वजनाप्रमाणे नेमके किती थेंब ते बालरोगतज्ज्ञ लिहून देतील, कारण प्रत्येक बाटलीतले प्रमाण वेगळे असते. औषध जिभेच्या मागच्या बाजूला टाकावे आणि वर पाणी पाजावे, म्हणजे दातांवर काळे डाग बसणार नाहीत. बसले तरी ते वरवरचे असतात. हट्टाने रडताना श्वास कोंडून तो निळा पडतो असे तुम्ही लिहिले आहे. तेही डॉक्टरांना सांगा, कारण लोहाची कमतरता असलेल्या मुलांत हे जास्त दिसते आणि लोह दिल्यावर बऱ्याचदा कमी होते.

आता घरखर्चाची घडी. स्वयंपाकघरात मोठी उलथापालथ करण्याची गरज नाही. गव्हाच्या पोळीऐवजी आठवड्यातून चार दिवस बाजरीची भाकरी करा; शंभर ग्रॅम बाजरीत ६ मिलिग्रॅमहून जास्त लोह असते, म्हणजे तांदळाच्या कितीतरी पट. उन्हाळ्यात बाजरी उष्ण पडते असे वाटत असेल तर ज्वारी आणि नाचणी आहेत. नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे, तुम्हा मायलेकींच्या हाडांसाठी ती हवीच. मटकी, कुळीथ, हरभरा, चवळी यांच्यात लोह चांगले आहे आणि मोड आणल्याने त्यातील लोह बांधून ठेवणारे फायटेट कमी होऊन ते मोकळे होते. आपल्या आज्यांची उसळ करण्याची रीत अतिशय शहाणपणाची आहे. माठ, तांदुळजा, अंबाडी, शेवग्याचा पाला या स्वस्त पालेभाज्या पालकाच्या आधी घ्या. प्रत्येक जेवणात लिंबाची फोड, कच्चा कोबी-टोमॅटो, पेरूची फोड किंवा आवळ्याचे काहीतरी असावे, कारण क जीवनसत्त्व वनस्पतीतल्या लोहाचे शोषण दुपटीपर्यंत वाढवू शकते. लिंबू मात्र भाजी उतरवल्यावर पिळा. भाजी लोखंडी कढईत करा; आमटी-सारासारखे आंबट पदार्थ त्यात शिजवले की लोह उतरते, फक्त ते तसेच कढईत ठेवून देऊ नका, रंग आणि चव बिघडते.

चहाबद्दल स्वतंत्रपणे लिहिते, कारण कुठल्याही यादीत न येणारी तीच सर्वांत मोठी चूक आहे. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेल्या चहातील टॅनिनमुळे धान्यातल्या लोहाचे शोषण निम्म्याहून कमी होऊ शकते. चहा सोडा असे मी म्हणणार नाही, तसे सांगून कुणी सोडतही नाही. जेवणाच्या आधी आणि नंतर एक-एक तास सोडून घ्या. तुमची मुलगी सकाळी चहा-खारी खाऊन शाळेत जाते, ते मात्र बदला. त्याजागी आंबोळी, थालीपीठ, पोह्यांवर शेंगदाणे आणि भरपूर लिंबू, किंवा रात्रीच्या भाकरीचा कुस्करा चालेल. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याने पोट भरते आणि लोह मिळत नाही. राजगिरा आणि शेंगदाणे घेतले तर तोच उपवास बराच उपकारक होतो. आणि तुम्ही सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेले खाता, हे न सांगताही मला कळते. उसळीची तुमची वाटी आधी बाजूला काढून ठेवत जा.

व्यायामाचे उत्तर आता सोपे आहे. ९.४ हिमोग्लोबिनला चालणे बंद करू नका, पण झुंबा किंवा धावणे आत्ता नको. रोज पंधरा-वीस मिनिटे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा गतीने चाला. छातीत धडधड झाली तर थांबा. गोळ्या सुरू केल्यानंतर सहा-आठ आठवड्यांनी हिमोग्लोबिन ११ च्या पुढे गेले की वेळ वाढवा, चार-सहा सूर्यनमस्कारांनी सुरुवात करा आणि आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम घाला, उदाहरणार्थ खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे किंवा पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे सांगितली आहेत. तिथपर्यंत तीन महिन्यांत पोहोचलात तरी उत्तम. घरकामाने हालचाल होते, पण ओट्याशी उभे राहून पाय सुजतात तो व्यायाम नव्हे. मुलीला दिवसाला ६० मिनिटे दमवणारा खेळ हवा: खो-खो, कबड्डी, दोरीच्या उड्या, सायकल, जे तिला आवडेल ते. पाळीच्या दिवसांत खेळू नये असे वैद्यकशास्त्र सांगत नाही. तिला दुखत नसेल तर खेळू द्या. खेळाचा तास गणितासाठी घेतला जात असेल तर पालकसभेत बोला. धाकट्याला व्यायाम शिकवावा लागत नाही, त्याला मोकळी जागा लागते; दिवसभरात मिळून तीन तास तो धावला, चढला, पडला तर तेवढे पुरे.

काही लक्षणांत मात्र वाट पाहू नका. बसल्या जागी धाप लागणे, छातीत दुखणे, भोवळ येऊन पडणे, पायांवर सूज, तासाला एक पॅड भिजणे, किंवा कुणाचेही हिमोग्लोबिन ७ च्या खाली जाणे, यांसाठी त्याच दिवशी रुग्णालयात जा.

चार आठवड्यांनी तिघांची सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, पुन्हा करा, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, आणि जुने अहवाल बरोबर ठेवा. तोवर लोहाच्या गोळ्या आणि थेंबांची बाटली कुलपात किंवा धाकट्याचा हात पोहोचणार नाही अशा उंच कपाटात ठेवा. त्या लाल, साखरेचे कवच असलेल्या गोळ्या मुलांना चॉकलेटसारख्या दिसतात, आणि एकदम मूठभर पोटात गेल्या तर ते जिवावरचे विष आहे. असे झाल्याचा नुसता संशय आला तरी उलटी होण्याची वाट न पाहता पाकीट घेऊन थेट मोठ्या रुग्णालयात जायचे.